कोठार आणि मूठ

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या जिल्ह्यातल्या लहान पोरालाही पाठ असते. मोंढ्यात आलेला कापूस, पुढे बियाण्यांच्या कंपन्या, मग पोलादाच्या भट्ट्या, मोसंबीच्या बागा, असे जालन्याचे वैभव काळाप्रमाणे रूप पालटत आले आहे. पूर्णेकाठच्या आपल्या जाफराबाद तालुक्यातला माणूस जालन्याला जातो तो मुख्यतः दोन कारणांनी, माल विकायला नाही तर दवाखान्यात. सोन्याचा पाळणा तो पाहतो, पण त्या पाळण्यात कोण झोपते आणि दोरी कोण ओढते, याबद्दल म्हणीत काही सांगितलेले नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय संपत्ती हाच आहे, पण ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने पाहिलेली संपत्ती. मी ख्रिस्ती कुटुंबातली मुलगी. पदवीच्या वर्गापर्यंत पोचलेली आमच्या घरातली पहिलीच. आजोबांनी आयुष्यभर सालगडी म्हणून काम केले. वडिलांकडे तीन एकर जमीन आहे आणि एका विहिरीच्या भरवशावर तिच्यात मिरची, मका, कपाशी आलटून पालटून होते. तेव्हा संपत्तीचा त्याग करण्याइतकी संपत्ती आमच्या घरात कधी नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

मराठीच्या तासाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर चर्चा चालू असताना मागच्या बाकावरून एक प्रश्न आला होता. ख्रिस्ती लोक तर गव्हासाठी बाटले, मग त्यांचा धर्म पैशाला एवढा वाईट का म्हणतो? वर्ग हसला, मीही हसले. पण प्रश्न वाटतो तितका उथळ नाही. त्यात दोन समजुती एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. एक अशी की ख्रिस्ती धर्म पैशाला पाप समजतो, आणि दुसरी अशी की आमच्या पूर्वजांनी पैशासाठीच तो धर्म घेतला. दोन्हींचा समाचार घेतल्यावाचून या विषयाला हात घालता येणार नाही.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. शुभवर्तमाने वाचताना नवख्या वाचकाला एका गोष्टीचे आश्चर्य वाटेल. येशूच्या दृष्टांतांत जणू बाजार भरलेला आहे. मजुरी, कर्ज, कारभारी, व्याज, हरवलेले नाणे, शेतात पुरलेले धन, मोत्यांचा व्यापारी, सगळे तिथे आहेत. सुताराच्या घरात वाढलेल्या माणसाला पैसा म्हणजे काय ते ठाऊक होते. आपल्या शिष्यांना त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आहे. भाकरी मागणे हे ज्या धर्मात प्रार्थनेइतके पवित्र मानले आहे, तो धर्म पोटाचा द्वेष करील कसा? पैसा हे सर्व पापांचे मूळ, असे वचन बायबलमध्ये आहे असे पुष्कळ जण सांगतात. प्रत्यक्षात पौलाच्या नावाने असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मूळ म्हटले आहे ते पैशाच्या लोभाला. हा फरक लहान नाही. पैसा खिशात असतो आणि लोभ मनात असतो, त्यामुळे रिकाम्या खिशाच्या माणसालाही लोभ सुटत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात एका श्रीमंत शेतकऱ्याचा दृष्टांत आहे. त्याच्या जमिनीला अमाप पीक आले. ठेवायला जागा पुरेना. तेव्हा जुनी कोठारे मोडून मोठी बांधावी, सगळे धान्य त्यांत भरावे आणि मग अनेक वर्षे खाऊनपिऊन सुखाने राहावे, असा त्याने बेत केला. त्याच रात्री त्याचा प्राण गेला. शेतकऱ्याच्या मुलीला हा दृष्टांत वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. या माणसाने चोरी केली नाही, कुणाची जमीन लाटली नाही. चांगले पीक येणे हा काही गुन्हा नव्हे, असे एखादे वर्ष यावे म्हणून तर आम्ही प्रार्थना करतो! मग त्याचे चुकले कोठे? दृष्टांत पुन्हा वाचला म्हणजे कळते की, तो सबंध वेळ एकट्याशीच बोलतो आहे. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. पीक कापणारे मजूर त्याच्या बोलण्यात नाहीत, शेजारी नाहीत, पाऊस पाडणारा देवही नाही. भाव पडला तर काय, याची काळजी करणारा शेतकरी मूर्ख नव्हे. आपल्याखेरीज जगात कुणी आहे हे विसरलेल्या शेतकऱ्याला येशूने मूर्ख म्हटले.

डोंगरावरच्या प्रवचनात पृथ्वीवर धन साठवू नका, असे सांगताना येशूने धनाचे तीन शत्रू सांगितले आहेत. कसर, जंग आणि चोर. ही नावे उगाच घेतलेली नाहीत. त्या काळी संपत्ती म्हणजे ठेवणीतली उंची वस्त्रे, धातूच्या वस्तू आणि नाणी, साठवलेले धान्य. वस्त्राला कसर लागते. जंग असे ज्याचे भाषांतर झाले आहे, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाणे’ असा आहे. त्यामुळे धातूला खाणारा गंज म्हणा किंवा कणगीतल्या ज्वारीला लागलेले सोंडे म्हणा, दोन्ही अर्थ बसतात. आणि चोर येतात ते भिंत पोखरून, कारण घरे मातीची. आपल्याकडे ‘घरफोडी’ हा शब्द आहे, तो या वचनातल्या चोरांना जसाच्या तसा लागू पडतो. पांढऱ्या मातीच्या भिंतींच्या घरात वाढलेल्या माणसाला हे प्रवचन समजावून सांगायला पंडित लागत नाही.

पण मग स्वर्गात धन साठवा, याचा अर्थ काय? आमच्यातलेही पुष्कळ लोक असे समजतात की, स्वर्गात एक बँक आहे, तिथे आपल्या नावाचे खाते आहे आणि इथे दिलेला प्रत्येक रुपया तिथे व्याजासह जमा होतो. मला ही समजूत पटत नाही. तसे असेल तर तो श्रीमंत शेतकरी आणि आपण यांत फरक काय उरला? त्याने कोठार खाली बांधले, आपण वर बांधले एवढाच. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे राजा विचारतो ते हेच की भुकेल्याला अन्न दिलेत का, उघड्याला वस्त्र दिलेत का, परक्याला घरात घेतलेत का, बंदिवानाला भेटलात का. जे त्यांच्यासाठी केले ते माझ्यासाठी केले, असे तो म्हणतो. म्हणजे ज्या ठेवीला कसर लागत नाही ती ठेव भुकेल्या माणसाच्या पोटात आहे, आजाऱ्याच्या उशाशी आहे. ती वर कुठे तरी नाही, ती शेजारी आहे. माझ्या मते या विषयावरील सर्व ख्रिस्ती शिकवणीची किल्ली हीच आहे.

किती द्यावे याचे माप मात्र येशूने घालून दिलेले नाही. एका श्रीमंत तरुणाला त्याने सर्वस्व विकून गरिबांना दे असे सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला. जक्कय नावाचा जकातदारांचा पुढारी मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करतो म्हणाला, आणि त्याला तेवढ्यावर तारण मिळाले. विधवेच्या दानाची गोष्ट तर प्रत्येक मंडळीत सांगितली जाते. मंदिराच्या दानपेटीत श्रीमंत मोठमोठ्या रकमा टाकत होते, तिने दोन टोल्या टाकल्या. टोली म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे. येशू म्हणाला, हिने सर्वांहून अधिक टाकले, कारण तिने आपली सगळी उपजीविका टाकली. या गोष्टीवरून गरिबांना अधिक द्यायला सांगणारी प्रवचने मी ऐकली आहेत. तथापि मार्कच्या शुभवर्तमानात याच्या अगदी आधीच्या ओळींत विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांचा येशूने धिक्कार केला आहे, ते प्रवचनात सहसा येत नाही. दोन्ही सलग वाचले तर वाटते की, येशू त्या बाईचे कौतुक करीत आहेच, पण शेवटची दमडी तिच्याकडून घेणाऱ्या मंदिराकडे बोटही दाखवीत आहे.

वाचकहो, हे विचार मराठी मनाला परके नाहीत. तुकाराम महाराजांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो. भावाच्या वाट्याची खते त्यांनी भावाला दिली, आपल्या वाट्याची तेवढी बुडवली, हे त्या कथेतले बारीक कलम मला फार आवडते. त्याग करावा तो स्वतःच्या हिश्श्याचा. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ते काही उगीच नव्हे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जालन्याच्या इतिहासात रेव्हरंड नारायण शेषाद्री हे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. ब्राह्मण कुटुंबातला हा तरुण मुंबईच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकला आणि १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा होता. तोही मिशनऱ्यांकडे गेला तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाला वडिलांच्या ताब्यात देण्यात आले. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला, हे मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात आपण वाचतोच. नारायण शेषाद्री मात्र परतले नाहीत. त्या वेळी धर्म बदलणाराचा वडिलोपार्जित मालमत्तेवरचा हक्क सुरक्षित नव्हता, तो राखणारा कायदा इंग्रज सरकारने १८५० मध्ये केला. म्हणजे १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेणारा सुशिक्षित ब्राह्मण घर, जात आणि वारसा असे तिन्ही पणाला लावून घेत होता.

पुढे हे नारायणराव जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यांचे काम चालले ते विशेषतः मांग आणि महार समाजांत. दिवाण सालारजंग यांच्या कारकिर्दीत निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती कुटुंबांचे एक गाव वसवले आणि त्याला नाव दिले बेथेल. हिब्रू भाषेत बेथेल म्हणजे देवाचे घर. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेलाही जाऊन आले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

बेथेलबद्दल मी जेव्हा विचार करते तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. स्वतःचा वारसा सोडलेल्या या माणसाने दुसऱ्यांसाठी मात्र जमीन मिळवली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, बलुत्याच्या भाकरीवर जगणाऱ्या कुटुंबांना त्याने नुसते स्वर्गाचे आश्वासन दिले नाही. पायाखाली भुई असल्याशिवाय माणसाला वर पाहायला उसंत नसते, हे त्याला कळले होते. धनाचा त्याग शिकवायचा तो ज्याच्याकडे आहे त्याला. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आधी उभे राहायला जागा द्यावी लागते.

याच गोष्टीचे दुसरे आणि फार मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. जवळचा पैसा तीर्थयात्रांत आणि दानधर्मात खर्च झाला. मग दुष्काळात कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. अंगमेहनतीची सवय नाही आणि मागायची लाज, अशा अवस्थेत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईला भूक म्हणजे काय हे कुणी प्रवचनातून सांगायला नको होते. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईला शारदासदन काढले, त्यासाठी अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. मग १९०० चा दुष्काळ आला. त्या सुमारास मुक्ती मिशनमध्ये सुमारे दीड हजार माणसे राहत होती.

दीड हजार तोंडे, म्हणजे दोन वेळच्या किती भाकऱ्या, याचा हिशेब ज्यांच्या घरी चूल पेटते त्या वाचकांनी करून पाहावा. रमाबाईंच्या त्या संसारात विणकाम होते, शेती होती, गाईगुरे होती, छापखाना होता. वडिलांच्या घरात दान होते पण श्रम नव्हते, इथे दोन्ही होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही ते कळावे म्हणून. खिळे जुळवले मुक्तीतल्याच बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि ते सबंध बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुली दुष्काळात रस्त्यावर मरायच्या त्यांच्या हातून हा ग्रंथ छापून निघाला! नाश न पावणारी संपत्ती कुठे साठते याचे याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही. केडगावची ती संस्था आजही चालू आहे.

आता त्या गव्हाकडे वळू. दुष्काळात मिशनकडून धान्य मिळाले आणि त्यानंतर पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली, हे खोटे नाही. भाकरीबरोबर धर्मही वाढला गेला आणि यावर खुद्द मिशनऱ्यांमध्येही वाद झाले. परंतु टोमणा मारणारांना मी एकच विचारीन. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याला कुणी तरी हाताने भाकरी दिली आणि जवळ बसवले, तर त्यातली भाकरी तेवढी त्याने घेतली, बसवणे घेतले नाही, असे कसे समजायचे? पोट आणि आत्मा यांची अशी फाळणी भरल्या पोटाच्या माणसालाच सुचते.

शिवाय या व्यवहारात आमच्या वाट्याला काय आले तेही पाहावे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू नसलेल्यांना अनुसूचित जातीत स्थान नव्हते. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही त्या यादीबाहेर आहेत. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते. वस्तीत आमच्याशी वागणूक जुनीच, कागदावर मात्र आम्ही वेगळे. एकाच आजोबांची नातवंडे, एक घर उपासनेला जाते, दुसरे जात नाही, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर दोघांच्या रकाने निराळे. काही कुटुंबे रविवारी एक आणि दाखल्यावर दुसरे असतात. त्यांना ढोंगी म्हणणारे आमच्या मंडळीतही आहेत, मी म्हणणार नाही. श्रीमंत तरुणाला सर्वस्व सोड म्हणून सांगणे ठीक, पण शेतमजुराच्या मुलाला सवलत सोड म्हणून सांगायला तोंड धजत नाही. तरीही जी कुटुंबे दाखल्यावरही ख्रिस्ती राहिली त्यांच्याबद्दल, ती गव्हासाठी बाटलेल्यांची नातवंडे आहेत, असे म्हणताना जरा विचार करावा एवढीच विनंती.

‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना टिळकांच्या घरचा पैशाचा कारभार ठाऊक आहे. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. लक्ष्मीबाई काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्यांच्याकडे आल्या. टिळकांच्या हाती पैसा आला की तो जाणारच. कुणी मागितले की दिले, कुणी निराधार भेटले की घरी आणले. बालकवी ठोंबरे त्यांच्याच घरी राहिले, हे आपण वाङ्मयाच्या इतिहासात शिकतो. १९१७ मध्ये तर टिळकांनी मिशनची पगाराची नोकरीच सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, परदेशी पैशाच्या ओझ्याशिवाय हिंदी वळणाची ख्रिस्तभक्ती वाढावी, ही त्यांची इच्छा. दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी ते वारले.

हा त्याग थोर खराच. पण पुस्तक वाचताना माझे लक्ष राहून राहून लक्ष्मीबाईंकडे जाते. नवऱ्याने दिलेल्याची भरपाई कुठून करायची, उद्याच्या पिठाचे काय, हे त्या बाईने पाहायचे. संतांचे चरित्र लिहिणारे या बाजूकडे फारसे वळत नाहीत. तुकोबांच्या जिजाईलाही आपण कजाग म्हणून मोकळे झालो! लक्ष्मीबाईंनी मात्र तक्रारीचे ग्रंथ केले नाहीत, हसत हसत हिशेब मांडला, आणि त्या हिशेबातच मराठीतले एक अजोड आत्मचरित्र तयार झाले. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरे केले. माझे तर मत असे की, घरातल्या दोघांच्याही संमतीने दिलेले दान हेच पुरे दान. येशूने याबद्दल काही सांगितलेले नाही, पण त्याने संसार केला नव्हता.

जगाच्या इतिहासात पाहिले तर हा पेच ख्रिस्ती लोकांना वारंवार पडला आहे. इटलीतल्या असिसी गावचा फ्रान्सिस कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा. त्याने अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत केले. इंग्लंडचे जॉन वेस्ली उत्पन्न वाढले तरी स्वतःचा खर्च वाढू देत नसत आणि उरलेले वाटून टाकत. धार्मिक माणूस उद्योगी आणि काटकसरी होतो, त्यामुळे श्रीमंत होतो, आणि श्रीमंत झाला की धर्म विसरतो, अशी भीती वेस्लींनी बोलून दाखवली होती. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या माक्स वेबर यांनी भांडवलशाहीची मुळे शोधताना त्या भीतीची दखल घेतली. अलीकडे उलटेच वारे वाहू लागले आहे. श्रद्धा ठेवा, देणगी पाठवा, देव तुम्हाला गाडी देईल, बंगला देईल, असे सांगणारे उपदेशक मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. आमच्या वस्तीतही त्यांचे ऐकणारे आहेत. कर्जात बुडालेल्या माणसाला असे बोलणे गोड वाटावे यात नवल नाही, मला राग येतो तो बोलणाराचा. मार्कने लिहिलेले ते विधवांच्या घरांबद्दलचे शब्द अशा वेळी आठवतात.

याच्या उलट आपल्या महाराष्ट्रात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि केळीच्या बागा, विहिरी, तळी बुजवून इमारती उठू लागल्या, तेव्हा हा धर्मगुरू हरित वसईच्या चळवळीत पुढे उभा राहिला. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. पाणी आणि माती ही देवाची ठेव आहे, ती एका पिढीने विकून खायची नसते, हा विचार त्यांच्या बायबलच्या अभ्यासातून आलेला होता.

एवढ्या मोठ्या माणसांनंतर आमच्या लहानशा मंडळीबद्दल लिहायला संकोच वाटतो. पण माझे शिक्षण या विषयात झाले ते तिथेच. पीक निघाले की आमच्याकडे हंगामाचा सण होतो. ज्याच्या घरी जे असेल ते त्याने आणायचे. कणसे, भोपळा, कोंबडी, अंडी, पायलीभर ज्वारी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. या लिलावात बाजाराचे गणित चालत नाही. एका भोपळ्याला तीनशे रुपये येतात, घेणारा तो उचलून पुन्हा लिलावाला ठेवतो आणि तोच भोपळा दुसऱ्यांदा दोनशेला जातो. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात वडिलांची मिरची ज्या दिवशी तोडणीचाही खर्च निघणार नाही अशा भावाने गेली होती, त्याच आठवड्यातल्या रविवारी टोपलीभर मिरचीला आमच्याच एका शेजाऱ्याने दीडशे रुपये बोलले. वडील म्हणाले, ‘बाजारात बी हाच भाव लावा की कुणी तरी!’ सगळे हसले. पाळकसाहेबही हसले.

दुसरी रीत मुठीची. पीठ मळण्याआधी, भात टाकण्याआधी एक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका गेली शंभराहून अधिक वर्षे अशीच तांदळाची मूठ काढतात आणि त्यावर त्यांच्या चर्चची केवढी तरी कामे चालतात. आमच्या मंडळीत घरेच मोजकी, त्यामुळे धान्यही मोजकेच जमते. ज्या दिवशी घरात पीठ कमी असते त्या दिवशीही आजी मूठ चुकवू देत नाही. एकदा मी विचारले, आपल्यालाच पुरत नाही तर द्यायचे कशाला? ती म्हणाली, ‘बाई, एक मूठ काढल्यानं आपली भाकर पातळ होती, मोडत नाही.’ मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. ज्या दिवशी ती खरोखरच मोडायच्या बेताला येते त्या दिवशी काय करायचे, हे मी तिला अजून विचारलेले नाही.

गेल्या पावसाळ्यात सगळ्या घरांचे डबे एकत्र केले तेव्हा जवळजवळ अर्धा क्विंटल ज्वारी निघाली. ती कुणाला द्यावी यावर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी वस्तीच्या टोकाच्या एका घरी ती गेली. ते घर आमच्या मंडळीतले नाही. घरधनी ऊसतोडीला गेलेला, परतलाच नाही, पाठीमागे दोन लेकरे आणि उचलीचे कर्ज. पोते पोचवायला वडील आणि मी गेलो. त्या बाईने पाणी दिले, बसायला पोते अंथरले आणि कोणत्या योजनेचे आहे, सही कुठे करायची, असे विचारले. सही करायची नाही हे तिला पटवायला थोडा वेळ लागला. आम्ही घरी आलो तोवर आजीने रिकामा डबा धुऊन उन्हात वाळत घातला होता, संध्याकाळच्या मुठीसाठी.